ट्रकच्या पाठुंगळीला बसलेले यंत्र

परिबलाचा धडा सुरू झाला की फळ्यावर एक आडवी रेघ, तिच्या मध्याखाली टेकूचा त्रिकोण आणि दोन टोकांना बसलेली दोन मुले हे चित्र ठरलेलेच. एक मुलगा ३० किलोग्रॅमचा, दुसरा २० किलोग्रॅमचा. तर दुसऱ्याने टेकूपासून किती अंतरावर बसावे? या गणिताला परीक्षेत गुण मिळतात आणि मग ती फळी, तो टेकू व ती दोन मुले वहीतच राहून जातात. आज आपण तीच फळी एका यंत्रात शोधू या. येथे मुलांच्या जागी दोन टन माल आहे, आणि गणित चुकले तर माणूस यंत्राखाली सापडतो.

फोर्कलिफ्ट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पुढे दोन लांब पोलादी काटे, ते काटे वर-खाली नेणारा उभा सांगाडा म्हणजे मास्ट, आणि त्यामागे चालकाची बैठक. माल लाकडी पट्ट्यांच्या बुटक्या चौथऱ्यावर, म्हणजे पॅलेटवर रचलेला असतो. काटे पॅलेटखाली सारायचे, माल उचलायचा आणि हवा तेथे नेऊन ठेवायचा. गोदामात, कारखान्यात, बंदरावर हे काम दिवसभर चालू असते. पण माल जेथे पोचवायचा तेथे फोर्कलिफ्ट नसेल तर? आपल्याकडे याचे उत्तर हमाल हे आहे. विटांचा ट्रक आला की चार माणसे हौद्यावर, चार खाली, आणि विटा हातोहात उतरतात. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड या देशांत मजुरी महाग, आणि घरे मात्र शहरापासून दूर, एकेकटी बांधली जातात. तेथे एक वेगळाच उपाय निघाला: फोर्कलिफ्टच ट्रकबरोबर पाठवायचा.

तो ट्रकच्या हौद्यावर चढवला तर मालाची जागा अडेल. म्हणून त्याला ट्रकच्या मागच्या टोकाला अधांतरी लटकावतात. लहान मूल पाठुंगळीला बसते, तसा तो ट्रकच्या पाठीवर बसून प्रवास करतो. अमेरिकेतील एका यंत्राचे नावच मुळी ‘पिगीबॅक’, म्हणजे पाठुंगळी, असे आहे. आयर्लंडमधील मोनाघन परगण्यातल्या मॉफेट या कारखान्याचे असे यंत्र १९८० च्या दशकात बाजारात आले आणि इतके पसरले, की बांधकामावरचे लोक कोणत्याही कंपनीच्या यंत्राला सरसकट ‘मॉफेट’च म्हणू लागले.

आता यातली अडचण पाहा. साधा फोर्कलिफ्ट हा एक तराफा नव्हे, तर तरफ आहे. पुढच्या चाकांचा आस हा टेकू. टेकूच्या पुढे माल, टेकूच्या मागे यंत्राचे स्वतःचे वजन. माल जड झाला तर यंत्र पुढे तोंडावर पडेल, म्हणून त्याच्या पाठीमागे बिडाचा एक भलामोठा ठोकळा बसवलेला असतो. त्याला प्रतिभार म्हणतात. अडीच टन उचलणारा साधा फोर्कलिफ्ट स्वतः साडेतीन-चार टनांचा असतो तो यामुळेच. इतके वजन ट्रकच्या शेपटीला लटकावणे परवडणारे नाही. यंत्र हलके हवे, पण माल तेवढाच उचलता आला पाहिजे. वजन कमी करायचे तर परिबलाच्या गुणाकारातला दुसरा अवयव, म्हणजे अंतर, त्यालाच हात घालायला हवा. या यंत्राच्या रचनाकारांनी नेमके तेच केले.

त्यांनी पुढची दोन चाके मास्टच्या दोन्ही बाजूंना, पुढे आलेल्या दोन पायांवर बसवली आणि मास्टला पुढे-मागे सरकण्याची सोय केली. माल उचलताना मास्ट पुढे जातो. माल काट्यांवर आला की मास्ट मागे सरकतो आणि माल दोन्ही पायांच्या मध्ये, जवळजवळ आसाच्या डोक्यावर येतो. काही यंत्रांत मास्ट स्थिर असतो आणि काटेच पुढे-मागे होतात. मागे मात्र एकच चाक असते, आणि वळण्याचे काम तेच करते.

आकडे घालून पाहू. हे आकडे कोणा एका कंपनीच्या यंत्राचे नाहीत. हिशोबाला सोयीचे, पण खऱ्याच्या जवळपासचे घेतले आहेत. यंत्राचे वजन २४०० किलोग्रॅम आणि त्याचा गुरुत्वमध्य पुढच्या आसाच्या १ मीटर मागे. म्हणजे यंत्राला जमिनीवर धरून ठेवणारे परिबल २४०० × १ = २४०० किलोग्रॅम-मीटर. (गुरुत्व त्वरणाचा गुणक दोन्ही बाजूंना सारखाच येत असल्याने आपण तो सोडून देऊ. परीक्षेत मात्र सोडू नका.) काट्यांची टाच, म्हणजे काटा जेथे मास्टला काटकोनात जोडलेला असतो ती जागा, मास्ट पुढे असताना आसाच्या ०.३ मीटर पुढे येते आणि मास्ट मागे घेतल्यावर आसाच्या ०.५ मीटर मागे जाते.

आता माल. अमेरिकेत घरांच्या आतल्या भिंती बहुधा विटांच्या नसतात. लाकडी सांगाड्यावर जिप्समच्या पाट्या ठोकतात. अशी एक पाटी सुमारे १.२ मीटर रुंद व २.४ मीटर लांब असते. जाडी साडेबारा मिलिमीटर आणि वजन सुमारे २५ किलोग्रॅम धरू. ऐंशी पाट्या एकावर एक रचल्या तर १ मीटर उंचीचा आणि २००० किलोग्रॅमचा गठ्ठा होतो.

हा गठ्ठा लांब बाजूने उचलला, तर काटे १.२ मीटर रुंदीच्या दिशेने आत शिरतात आणि गठ्ठ्याचा गुरुत्वमध्य काट्यांच्या टाचेपासून ०.६ मीटर दूर राहतो. मास्ट पुढे असताना आसापासूनचे अंतर ०.३ + ०.६ = ०.९ मीटर. पाडणारे परिबल २००० × ०.९ = १८००. धरून ठेवणारे २४००. यंत्र उभे राहते. मास्ट मागे घेतला की अंतर उरते फक्त ०.१ मीटर आणि पाडणारे परिबल २००. दोन टन माल असूनही यंत्र निवांत.

आता चालकाने घाई केली. ट्रक अडचणीत उभा आहे, लांब बाजूला कुंपण आहे. म्हणून त्याने तोच गठ्ठा आखूड बाजूने उचलायचे ठरवले. गुरुत्वमध्य आता टाचेपासून १.२ मीटरवर गेला. आसापासून १.५ मीटर. परिबल २००० × १.५ = ३०००. यंत्राजवळ आहेत २४००. मागचे चाक जमीन सोडते, काटे खाली झुकतात आणि गठ्ठा घसरतो. माल तोच, यंत्र तेच, चालकही तोच. वजनात एका पाटीचाही फरक नाही.

यंत्रावर चालकासमोर धातूची एक पट्टी ठोकलेली असते. ‘इतके किलोग्रॅम’ हा आकडा तीवर असतो आणि नवखा माणूस तेवढाच वाचतो. पण त्याच्या शेजारी ‘काट्यांच्या टाचेपासून इतक्या मिलिमीटरवर’ असा दुसरा आकडाही असतो. तो बहुधा ६०० असतो. या दोन आकड्यांचा गुणाकार हाच यंत्राचा खरा शब्द आहे. एकटा किलोग्रॅमचा आकडा अर्धवट आहे. आपल्या यंत्राच्या पट्टीवर तर क्षमता दोनदा दिलेली असते: मास्ट मागे असताना एक, आणि पुढे असताना दुसरी, अर्थातच कमी. माझ्या मते परिबलाचा धडा शिकवताना अशा एका पट्टीचे चित्र पुस्तकात छापायला हवे.

गठ्ठ्याच्या बाबतीत एक पेच राहतोच. लांब बाजूने उचललेला गठ्ठा २.४ मीटर रुंद आणि यंत्राच्या पुढच्या दोन चाकांमधले अंतर २ मीटर. तो पायांच्या मध्ये मावत नाही. मग चाकांच्या माथ्यावरून जाईल इतका तो उचलूनच मागे घ्यावा लागतो. म्हणजे अंतर कमी झाले, पण उंची वाढली. उंचीचा हिशोब पुढे येतोच आहे.

ट्रक जागेवर पोचला. आता खरे काम सुरू होते, आणि त्याची पहिली पायरी यंत्राला हात न लावता पार पडते. चालक खाली उतरून जागा पायी फिरून पाहतो. जमीन सपाट आहे का, टणक आहे का, डोक्यावर विजेच्या तारा आहेत का, मुले कोठे खेळत आहेत? ट्रकचा हातब्रेक ओढलेला हवा आणि चाकांना उटी लावलेली बरी. यंत्र ट्रकवरून उतरताना ट्रकच्या मागच्या टोकावरचा भार क्षणात बदलतो आणि ट्रक हलतो. तो तेवढाच हलावा, पुढे सरकू नये.

जमीन टणक हवी, असे का? चाकांवरचा भार काढा. मास्ट पुढे, काट्यांवर दोन टन. पुढचा व मागचा आस यांत १.६ मीटर अंतर धरले, तर पुढच्या आसाभोवती परिबले घेऊन मागच्या चाकावर (२४०० − १८००) ÷ १.६ = ३७५ किलोग्रॅम भार येतो. एकूण ४४०० पैकी उरलेले ४०२५ पुढच्या दोन चाकांवर, म्हणजे प्रत्येकावर दोन टनांहून जरा अधिक. टायर जमिनीला २० × २० सेंटिमीटर एवढ्या जागेत टेकला असेल, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला ५ किलोग्रॅम झाला. ६० किलोग्रॅमचा माणूस दोन्ही तळव्यांवर उभा राहिला तर दाब ०.२ च्या आसपास असतो. ज्या अंगणात तुम्ही बिनधास्त उभे राहता, त्याच अंगणावर पंचवीसपट दाब पडणार आहे. शोषखड्ड्याचे झाकण, नुकताच बुजवलेला चर, गटाराची कड ही ठिकाणे डोळ्यांना टणक दिसतात, पण या दाबाला टिकत नाहीत.

त्या ३७५ या आकड्याकडेही पुन्हा एकदा पाहा. वळवणारे चाक मागचे, आणि त्याच्यावर भार उरला थोडासा. भार कमी तर घर्षण कमी. सुकाणूचक्र हाताला हलके लागू लागले, फिरवूनही यंत्र नीट वळेना, तर मागचे चाक जमीन सोडण्याच्या बेतात आहे, असा त्याचा अर्थ. अनुभवी चालकाला ही खूण हाताने कळते. आपल्या बैलगाडीला मागे जास्त भार झाला की जू वर उचलले जाते आणि गाडी उलाळ झाली असे आपण म्हणतो. प्रकार तोच, फक्त दिशा उलटी.

यानंतर मालाच्या पट्ट्या सोडायच्या. याच ठिकाणी फार सावध राहायला हवे, कारण येथे धोका चालकाला नसून इतरांना आहे. पट्टे सुटले की सपाट, बिनकठड्याच्या हौद्यावर मालाला धरून ठेवणारे एकटे घर्षण उरते. वाटेत माल सरकलेला असेल तर पट्टा सुटताच तो कलंडू शकतो. शिवाय काटे आत सारताना ते मागच्या गठ्ठ्याला ढकलू शकतात. चालक ट्रकच्या या बाजूला आहे. ढकललेला गठ्ठा त्या बाजूला पडतो, आणि तिकडे कोण उभे आहे हे त्याला दिसत नाही. अशा अपघातांत माणसे दगावलेली आहेत. म्हणून यंत्र चालू असेपर्यंत ट्रकच्या पलीकडच्या बाजूला कोणीही उभे राहायचे नाही. घराचा मालक असला तरी नाही, मदत करायला आलेला असला तरी नाही.

माल उतरवताना हौद्याची एकच बाजू आधी सगळी रिकामी करणेही बरे नव्हे. ट्रकच्या स्प्रिंगा एका बाजूला दबलेल्या राहतात, हौदा तिरका होतो आणि उरलेला माल त्या उताराच्या दिशेने निघतो. पलीकडच्या बाजूचा गठ्ठा इकडून उचलण्यासाठी काही यंत्रांना लांब पोचणारे काटे असतात. रस्त्याच्या कडेला, वाहनांच्या वर्दळीत काम करताना ही सोय मोलाची ठरते. पण काटे जेवढे लांब जातील तेवढे परिबल वाढणार, हे आता सांगायला नको. अशा यंत्रांना पुढे जमिनीवर टेकवायचे आधाराचे पाय असतात. ते टेकवले की टेकूच पुढे सरकतो.

आतापर्यंत आपण यंत्र पुढे तोंडावर पडेल का एवढेच पाहिले. ते बाजूला कलंडेल का, हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे आणि त्याचे उत्तर थोडे चकित करणारे आहे.

पुढची दोन चाके आणि मागचे एक, हे तीन बिंदू जोडले की जमिनीवर एक त्रिकोण तयार होतो. यंत्र व माल यांच्या एकत्रित गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा या त्रिकोणाच्या आत पडतो तोवर यंत्र उभे, बाहेर गेला की आडवे. साध्या चारचाकी फोर्कलिफ्टमध्येही त्रिकोणच असतो, कारण त्याचा मागचा आस मध्यभागी एका खिळीवर डुलता ठेवलेला असतो. चार चाके दिसतात म्हणून आधाराचा चौकोन धरणे ही फसगत आहे.

हे घरी करून पाहा. जाड पुठ्ठ्याचा एक त्रिकोण कापा: पाया २० सेंटिमीटर, उंची १६ सेंटिमीटर, बाकीच्या दोन बाजू सारख्या. तिन्ही कोपऱ्यांखाली बाटलीची छोटी झाकणे चिकटवा. ही तीन चाके. पाण्याने काठोकाठ भरलेली, सुमारे १६ सेंटिमीटर उंचीची एक प्लॅस्टिकची बाटली पायापासून १० सेंटिमीटर अंतरावर, मधल्या रेषेवर घट्ट चिकटवा. हे झाले आपले रिकामे यंत्र. आता ते एका फळीवर असे ठेवा, की त्रिकोणाचे टोक तुमच्या डाव्या हाताला येईल. झाकणे घसरू नयेत म्हणून तुमच्या बाजूला फळीवर एक बारीक पट्टी अडसर म्हणून लावा. फळीची पलीकडची कड हळूहळू उचला. सुमारे २५ अंशांच्या आसपास सगळे तुमच्याकडे कलंडेल. मग तेवढीच दुसरी बाटली पायाच्या बरोबर मध्यावर चिकटवून प्रयोग पुन्हा करा. वजन दुप्पट झाले, तरी आता फळी ४० अंशांपर्यंत उचलता येते!

कारण उघड आहे. रिकाम्या यंत्राचा गुरुत्वमध्य मागच्या बाजूला, त्रिकोणाच्या निमुळत्या भागात असतो. पुढे माल आला की तो पुढे, रुंद भागात सरकतो. आपल्या यंत्राचा हिशोब केला तर, रिकामे असताना गुरुत्वमध्याजवळ त्रिकोणाची अर्धी रुंदी ३७.५ सेंटिमीटर निघते. गुरुत्वमध्याची उंची ८० सेंटिमीटर धरली तर गुणोत्तर ०.४७ येते. आता गठ्ठा चाकांच्या माथ्याशी, म्हणजे काटे ८० सेंटिमीटर उंचीवर ठेवून मागे घेतला. गठ्ठ्याचा मध्य जमिनीपासून १.३ मीटर. एकत्रित गुरुत्वमध्य सुमारे १.०३ मीटर उंच, पण तो आसाच्या फक्त अर्धा मीटर मागे. तेथे त्रिकोणाची अर्धी रुंदी ६९ सेंटिमीटर आहे. गुणोत्तर ०.६७. भरलेले यंत्र रिकाम्यापेक्षा अधिक स्थिर!

या गुणोत्तराचा वळणाशी सरळ संबंध आहे. वेग v आणि वळणाची त्रिज्या r असेल, तर v²/rg ही संख्या त्या गुणोत्तरापेक्षा मोठी झाली की यंत्र वळणाच्या बाहेरच्या बाजूला कलंडते. ताशी १२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३.३३ मीटर. २ मीटर त्रिज्येच्या वळणावर ही संख्या ०.५७ येते. माल खाली धरलेले यंत्र हे वळण निभावून नेते. माल ठेवून, काम झाले म्हणून मोकळ्या मनाने परत निघालेले रिकामे यंत्र त्याच वळणावर त्याच वेगाने पडते. (ओल्या चिखलात ते पडण्याआधी घसरेल, कोरड्या काँक्रीटवर घर्षण पुरेसे असल्याने ते कलंडेलच.) वेग निम्मा केला, तर संख्या चौथाई होते, ०.१४. वेगाचा वर्ग असल्याने घाई दुपटीने नव्हे, चौपटीने महाग पडते.

आणि माल वर उचलून चालवले तर? काटे ३ मीटरवर नेले की गठ्ठ्याचा मध्य साडेतीन मीटरवर जातो, एकत्रित गुरुत्वमध्य २ मीटरच्या वर, आणि गुणोत्तर उतरते ०.३४ वर. त्यात एक पुढचे चाक १५ सेंटिमीटर खड्ड्यात गेले तर गठ्ठ्याचा मध्य बाजूला २६ सेंटिमीटर सरकतो. म्हणून माल वर नेणे हे काम यंत्र थांबल्यावर आणि सपाटीवर करायचे. चालताना तो शक्य तितका खाली हवा. उतारावर माल नेहमी चढाच्या बाजूला ठेवायचा. चढताना तोंड पुढे, उतरताना यंत्र उलटे, म्हणजे चालक मागे पाहत उतरणार. मोठा गठ्ठा नजरेआड करतो म्हणूनही पुष्कळदा उलटेच चालवावे लागते. चालकाची बैठक मास्टच्या मागे मध्यावर न ठेवता एका बाजूला ठेवतात, ती नजर मोकळी राहावी म्हणून. मागच्या चाकाने वळणाऱ्या यंत्राचे शेपूट वळणाच्या बाहेर फेकले जाते. सायकलची किंवा मोटारीची सवय असलेल्या माणसाला याचा अंदाज येत नाही. यंत्राजवळ उभ्या राहिलेल्यांनाही येत नाही.

एवढे करूनही यंत्र कलंडू लागले तर? मनाची पहिली ऊर्मी उडी मारण्याची असते, आणि तीच घातक ठरते. कलंडणारे यंत्र जमिनीवर यायला एखादा सेकंद लागतो. तेवढ्यात बसलेला माणूस उठून, उडी मारून यंत्राच्या कक्षेबाहेर पोचू शकत नाही. तो नेमका त्याच बाजूला पडतो जिकडे यंत्र पडत असते, आणि डोक्यावरचे संरक्षक छतच त्याच्यावर येते. म्हणून पट्टा आधीच बांधलेला हवा. घट्ट धरून, पाय रोवून बसायचे आणि पडण्याच्या उलट बाजूला झुकायचे. अमेरिकेत शेतीबाहेरच्या कामात १८ वर्षांखालील कोणालाही फोर्कलिफ्ट चालवू देत नाहीत, आणि प्रशिक्षित चालकाचे काम दर तीन वर्षांतून एकदा तरी पुन्हा तपासावे असा तेथील सरकारी नियम आहे.

माल उतरला. आता यंत्राने पाठुंगळीला बसायचे. येथे न्यूटनचा तिसरा नियम पाहायला मिळतो. ट्रकच्या मागच्या टोकाला, हौद्याखाली दोन मजबूत पोलादी खोबणी असतात. चालक काटे त्या खोबणींत सारतो आणि काटे खाली नेण्याची कळ दाबतो. काटे खोबणीत अडकलेले, खाली जाणार कोठे? ते ट्रकला खाली दाबतात, ट्रक त्यांना तेवढ्याच बलाने वर दाबतो, आणि यंत्र स्वतःच जमिनीवरून वर उचलले जाते. माणसाने टेबलावर तळवे टेकून स्वतःला उचलावे तसे. उचललेल्या यंत्रावरून उतरताना चालक पडू नयेत म्हणून आता काही यंत्रांत ही कळ जमिनीवर उभे राहून चालवता येते.

वर आलेले यंत्र मग मास्ट मागे घेते, म्हणजे मास्ट जागच्या जागी राहतो आणि यंत्रच ट्रकला चिकटते. खोबणीवर येणारे परिबल यामुळे किती घटते पाहा: आधी गुरुत्वमध्य काट्यांच्या टाचेपासून १.३ मीटर दूर, म्हणजे ३१२० किलोग्रॅम-मीटर, नंतर ०.५ मीटर, म्हणजे १२००. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या साखळ्या अडकवून ताणायच्या, अडसर लावायचे, ट्रकचे मागचे दिवे यंत्राने झाकले असतील तर यंत्रावरचे दिवे पेटतात का ते पाहायचे. रस्त्यातला प्रत्येक खड्डा या २४०० किलोग्रॅमला हिसका देणार आहे.

परतीच्या प्रवासाचे गणित तुम्हीच करा. रिकाम्या ट्रकच्या पुढच्या व मागच्या आसांत ५ मीटर अंतर आहे. पुढच्या आसावर ३६०० किलोग्रॅम भार आहे. मागच्या आसाच्या २.५ मीटर मागे आपले यंत्र लटकले. मागचा आस टेकू धरून परिबले घ्या आणि पुढच्या आसावर आता किती भार उरला ते काढा. उत्तर २४०० किलोग्रॅम येईल. सुकाणूच्या चाकांवरचा एकतृतीयांश भार नाहीसा झाला आहे, आणि तेवढीच त्यांची रस्त्यावरची पकडही. आता असे समजा, की चालकाला वाटेत पाट्यांचा एक दोन टनांचा गठ्ठा परत न्यायचा आहे. हौद्यावर तो मागच्या आसाच्या पुढे किती अंतरावर ठेवला, तर पुढच्या आसावरचा भार पुन्हा ३६०० होईल?